धाकटीच्या गोळ्या

राजाबाई बाळंत झाली आणि पंधराव्या दिवसापासून लेकीकडं बघेनाशी झाली. लेक छातीला लावली तर ही मान फिरवायची, भिंतीला टेकून तासन्‌तास बसायची. तिचा नवरा बिरू चितेगावच्या कारखान्यात लागलेला. तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन तो तिला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं लीलाबाई पाथ्रीकर या डॉक्टरीणबाई बाळंतिणींच्या मनाचे आजार बघायच्या. त्या म्हणाल्या, "हे भूत नाही, नखरा नाही. बाळंतपणानंतर असं होतं, आणि बरंही होतं. गोळ्या चुकवू नका. हिला झोपू द्या, टाकून बोलू नका."

तेव्हापासून घरात धाकटीची बडदास्त सुरू झाली. सासू बानाबाई तिला हातात ताट द्यायची, नातीला वरचं दूध पाजायची. थोरली जाऊ म्हाळसाबाई शेणपाणी आवरता आवरता हे बघायची आणि आतल्या आत जळायची.

कारण नऊ वर्षांमागं तिलाही हेच झालं होतं. अगदी हेच. तेव्हा ह्याच बानाबाईनं तिला मिरच्यांची धुरी दिली, लिंबाच्या फोकानं झोडलं, तान्हा मुंजाबा काढून आपल्या पदराखाली घेतला. सहा महिन्यांनी म्हाळसा आपसूक सावरली, पण पोर आजीचंच राहिलं. अजून आजीला 'आई' म्हणायचं आणि तिला 'म्हाळसा'.

धाकटीला गोळ्या द्यायचं काम म्हाळसाकडंच होतं. एका सकाळी गोळी हातात घेतली अन्‌ तिच्या मनात आलं, मला कुठं मिळाली होती? तिनं ती चुलीत टाकली. दुसऱ्या दिवशीही टाकली. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी दुपारी राजाबाई विहिरीच्या काठावर उभी दिसली. नजर खाली पाण्यात. म्हाळसानं डोक्यावरची पाटी फेकली, धावत जाऊन तिला मागून कवटाळलं. दोघी मातीत पडल्या. राजाबाई नुसती म्हणाली, "अक्का, लई थकले मी."

बिरू कामावर, घरातले बाकीचे बाप्ये मेंढरांमागं रानात. म्हाळसानं जावेचा हात धरला नि पैठण रस्ता गाठला. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता, एस.टी. बंद. कारखान्याच्या एका ट्रकनं शहराच्या तोंडापर्यंत सोडलं. पुढं चौकाचौकात पोलीस. एका शिपायानं अडवलं, तशी ती म्हणाली, "बाळंतीण हाय, दादा. जिवाचं काम हाय." त्यानं वाट दिली.

लीलाबाईंनी राजाबाईला खाटेवर निजवलं, नर्सला जवळ बसवलं आणि म्हाळसाला बाजूला घेतलं.

"गोळ्या चालू होत्या?"

"नाय. मीच दिल्या नाय."

"का? जीव गेला असता तिचा!"

"मला बी हेच झालं व्हतं, बाई. मला फोकाचे वळ, अन्‌ हिला हातात ताट. बघवंना मला."

लीलाबाई म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते वाईटच. त्याला मी चांगलं म्हणणार नाही. पण तुमचं झालं तेही वाईटच झालं." त्यांनी कोरा केसपेपर पुढं ओढला. "नाव सांगा. आणि पहिल्यापासून सांगा, काय काय झालं ते."

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. म्हाळसा बोलत राहिली, मधेच रडली, पुन्हा बोलली.

राजाबाईला महिनाभर दवाखान्यात ठेवलं. म्हाळसाच सोबतीला राहिली. गोळी मात्र नर्सच द्यायची. तो अविश्वास तिनं निमूट सोसला.

एके दिवशी बिरू लेकीला घेऊन आला. राजाबाईनं पोर मांडीवर घेतली, तिचं नाक आपल्या नाकाला लावलं आणि हसली. म्हाळसाला बरं वाटलं, आणि पोटातही दुखलं. ती उठली, लीलाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, आज पुन्हा जळाय लागलंय."

"आत या," लीलाबाई म्हणाल्या. "बसा."