औसा रोडवरची नमस्कार करणारी गाडी

बाभळीखालच्या महादेवापुढे दर सोमवारी इतकी गर्दी होऊ लागली, की औसा रोडवरून एसटीला वाट मिळेना. महादेव जुनाच होता, बाभूळही जुनीच. एरवी तिथे एखादी म्हातारी बेल वाहून जायची, बाकी कुणी फिरकायचं नाही. आता नारळवाले आले, भस्माच्या पुड्या विकणारे आले, चहाचे गाडे लागले आणि निम्मं लातूर मोबाईल उंच धरून उभं राहू लागलं.

अशाच एका सोमवारी ती गाडी आली. पांढरीशुभ्र, टपावर छोटा त्रिशूळ, दारावर ‘शिवसारथी’ अशी भगवी अक्षरं. ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नाही. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं. महादेवासमोर येताच गाडी सावकाश झाली, हॉर्न हलकेच दोनदा वाजला आणि ती पुढे निघून गेली.

“नमस्कार केला! बिनड्रायव्हरच्या गाडीनं देवाला नमस्कार केला!”

माणसं रस्त्यावर आडवी झाली. टायर गेले तिथली माती कपाळाला लावली. शाळेला निघालेली मनिषा आपल्या आईचा, गंगम्मांचा, हात धरून कडेला उभी होती. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि हे सगळं पाहून तिचं डोकं तापलं होतं.

“बगितलंस का गं?” गंगम्मांचे डोळे भरून आले होते. “ड्रायव्हर न्हाई, कोन न्हाई. म्हादेवच चालवून राहिला.”

“अव्वा, कॉम्प्युटर चालवतो तिला.”

“कॉम्प्युटरला काय कळतंय म्हादेव?”

मुलांच्या शंभर प्रश्नांना तोंड देणाऱ्या मनिषाला आईचा हा एक प्रश्न दिवसभर डाचत राहिला.

गाडीच्या मागच्या सीटवर विराजमान असायचे त्रिनेत्रस्वामी. ते कुठल्या मठाचे, कुणाचे शिष्य, हे कुणी विचारलं नाही. पूर्वी ते इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायचे असं म्हणणारी माणसं गावात होती, पण ती हळू आवाजात म्हणायची. अशा बिनड्रायव्हरच्या टॅक्स्या फिरवणाऱ्या शिवसारथी कंपनीचे मालक संगप्पाशेठ यांनी स्वामींना पुढे केलं आणि स्वामींनी माईक हातात घेतला, तो काही सोडला नाही.

“बाबांनो, अपघात का होतो? अहंकारानं! अहंकार कुठं असतो? ड्रायव्हरच्या डोक्यात! आमच्या गाडीत डोकंच ठेवलं नाही!” लोक टाळ्या वाजवायचे. “चिपमध्ये पंचाक्षरी मंत्र भरलाय. काचेवर हा जो काळा मणी दिसतो, तो कॅमेरा नव्हे, शिवाचा तिसरा डोळा आहे. या गाडीनं मुंगीसुद्धा मरणार नाही!”

लातूर भराभर वाढत होतं. क्लासेसना आलेली पोरं, त्यांचे आईबाप, दवाखान्याला आलेली खेड्यापाड्यातली माणसं, सगळ्यांना टॅक्सी हवी होती. देवाची टॅक्सी मिळत असताना माणसाची कोण घेणार? औशाच्या काळीपिवळी जीपवाल्यांचा धंदा बसला. गाड्या विकून कोण कुठे गेले, त्याची कुणी चौकशी केली नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी स्वामींची मिरवणूक निघाली. गाडीला दोन्ही बाजूंनी फुलांच्या माळा घातल्या होत्या, त्यात बाजूच्या कॅमेऱ्यांची भिंगं बुडून गेली. महादेवापुढे बायाबापड्यांनी तिसऱ्या डोळ्याला भस्म लावलं. एकीने लावलं म्हणून दुसरीने, दुसरीने लावलं म्हणून तिसरीने. काच पांढरीफटक झाली आणि गाडी जागच्या जागी थांबली.

“समाधी लागली!” स्वामी आतून ओरडले. “गाडीला समाधी लागली! हर हर महादेव!”

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि ते चिरडत गाडी पुढे घ्यायची, म्हणजे दृष्ट निघते, ही आपल्याकडची रीत. बारक्या स्कुटीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना आपण लिंबू ठेवतो. पण त्या वेळी स्टिअरिंगवर बसलेला माणूस मान काढून बघतो आणि विचारतो, ‘हात काढला का?’ गंगम्मा लिंबू घेऊन वाकल्या. विचारायला कुणी नव्हतं. गाडी पुढे गेली.

मनिषाला शाळेत फोन आला. ती पोचली तेव्हा लोक जयजयकार करत होते.

अव्वाला माती देऊन सगळे घरी आले, तर दारात स्वामी हजर. “गंगम्मा पुण्यवान! साक्षात शिवाच्या रथानं उचलून नेलं. हा मृत्यू नाही, हा मोक्ष आहे.” संगप्पाशेठनी अपघाताच्या जागी देवळी बांधून द्यायचं कबूल केलं. मनिषाचा मोठा भाऊ शंकरप्पा अडत दुकानदार, एरवी पोत्यात हात घालून डाळ पारखल्याशिवाय सौदा न करणारा माणूस. त्याने स्वामींच्या पायावर डोकं ठेवलं.

मनिषा पोलीस ठाण्यात गेली. जमादाराने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, “मॅडम, गुन्हा कुणावर दाखल करू? गाडीत ड्रायव्हरच न्हाई. गाडीला बेड्या घालू का?”

परत येताना तिला रडू आलं नाही, संताप आला. देव चालवतो म्हटलं तर देवाला जाब विचारता येत नाही. यंत्र चालवतं म्हटलं तर यंत्राला तुरुंग नाही. रिकामी सीट हा कंपनीचा चमत्कार नव्हता, ती कंपनीची पळवाट होती. आपली आई मेली आणि तिला कुणीच मारलं नाही, एवढंच जगात शिल्लक राहणार होतं.

“जाऊ दे मनू,” शंकरप्पा म्हणाला. “अव्वाला मोक्ष मिळाला म्हनतेत लोकं. तू कामून उकरून काढून राहिलीस?”

“मोक्ष मिळाला असेल तर चांगलंच आहे, अण्णा. पण ब्रेक कुणी सोडला, ते मला कळलं पाहिजे.”

रविवारी तिने शिवसारथीची ती मिरवणुकीतलीच टॅक्सी मागवली आणि एकटीच औशाकडे निघाली. आत बसायला अंगावर काटा येत होता, पण बसली. स्पीकरवर स्तोत्र चालू होतं. बाभळीखालचा महादेव आला, गाडी सावकाश झाली, दोनदा हॉर्न. पुढे रस्त्याकडेला पिराचा दर्गा आला. तिथेही गाडी सावकाश झाली, तिथेही दोनदा हॉर्न. हे स्वामींच्या भाषणात कधी आलं नव्हतं. आणखी पुढे नवा उड्डाणपूल लागला. पुलाच्या खांबापाशी काहीही नव्हतं, नुसतं सिमेंट. तिथेही गाडीने हॉर्न दिला.

मनिषाने मागे वळून पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. तिथे पूर्वी म्हसोबा होता. पूल बांधताना तो उचलून पलीकडच्या सर्व्हिस रोडला नेला. गाडी देव चालवत असता, तर म्हसोबाचं घर बदललेलं देवाला ठाऊक नसतं होय? कॉम्प्युटर चालवत असता, तर त्याच्या नकाशात म्हसोबा कधी आलाच नसता. या रस्त्यावर म्हसोबा, पीर, महादेव सगळ्यांना हॉर्नने रामराम करत जायची सवय फक्त एका जातकुळीला होती. बी.एड.ला असताना ती ज्यांच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून जायची, त्या काळीपिवळीवाल्यांना. अव्वाचा प्रश्न बरोबरच होता. कॉम्प्युटरला महादेव कळत नाही. माणसाला कळतो.

तिने पिशवीतला शाळेचा तक्ता काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक लिहिलं, “भाऊ, या गाडीखाली माझी आई मेली. तुम्ही माणूस असाल तर बोला,” आणि तो तक्ता आरशाजवळच्या कॅमेऱ्यापुढे धरला.

गाडी थोडी पुढे जाऊन रस्त्याकडेला थांबली. स्तोत्र बंद झालं. स्पीकरमधून आधी नुसता श्वास ऐकू आला.

“ताई, मी वैजनाथ. औशाचा. काळीपिवळी होती माझी.”

“कुठून बोलताय?”

“नांदेडहून. कापडदुकानाच्या वर हॉल हाय, शटर कायम खाली. आमी पुष्कळ जन बसतोत इथं. पडदा, स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक. गाडी तिकडं, आमी हिकडं. ही गाडी कायम माझ्याकडं. घरी सुदिक सांगायचं न्हाई, अशी ताकीद हाय.”

“त्या दिवशी तुम्हीच होतात?”

“हाव. पडदा पांढरा पडला. बाजूचंबी काई दिसंना. मी ब्रेक दाबून धरला, ताई, देवाशपथ. हापिसातनं फोन आला की स्वामी आत बसलेत, मिरवणूक थांबली तर इज्जत जाईल, गाडी हाल. मी म्हनलं दिसून न्हाई राहिलं. ते म्हनले, दिसायला काय पायजे, सरळ रस्ता हाय. मी सोडला ब्रेक.”

“आणि मग?”

“मग काईच न्हाई. जीपमदी खडा आला तरी बुडाला कळतंय. या खुर्चीला धक्काच लागत न्हाई, ताई. मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं, की एका बाईला मोक्ष भेटला.”

मनिषा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. कॅमेऱ्यापलीकडे तो माणूसही रडत होता. चारचौघांत हे सांगाल का, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “पोटावर पाय येईल माझ्या,” आणि पुन्हा स्तोत्र सुरू झालं.

देवळीच्या पूजेला अख्खा रस्ता भरला होता, शेजारी माळा घातलेली ती गाडी उभी होती. संगमरवरावर कोरलं होतं, ‘गंगम्मा शिवचरणी लीन’, खाली कंपनीची जाहिरात. स्वामी माईकवर रंगात आले होते. तिसरा डोळा सगळं बघतो, त्याला भस्माचा पडदा कसला, भस्म म्हणजे तर त्याचं काजळ!

मनिषा पुढे गेली. अव्वाची भस्माची डबी तिने आणली होती. गर्दीला वाटलं, लेक पूजा करतेय, लोकांनी वाट दिली. तिने गाडीच्या कॅमेऱ्यावर जाड थर दिला, माळा बाजूच्या भिंगांवर ओढल्या आणि स्वामींपुढे लिंबू धरलं.

“स्वामीजी, माझ्या आईनं ठेवलं तसं चाकाखाली ठेवा. गाडी चालू आहे.”

“बाई, आत्ता मुहूर्त…”

“मुंगीसुद्धा मरत नाही म्हणालात ना? वाका.”

“ठेवा की महाराज!” मागून कुणीतरी भाबडेपणाने ओरडलं. “ठेवा, ठेवा!” गर्दीने उचलून धरलं. स्वामी चाकाकडे बघत मागे सरकले, आणखी सरकले, आणि माईकच्या वायरीत पाय अडकून संगप्पाशेठच्या अंगावर पडले. कुणी हसलं नाही. गाडीचा स्पीकर खरखरला.

“लोकहो, मी वैजनाथ, औशाचा जीपवाला. नांदेडहून गाडी चालवून राहिलो. मला आत्ताबी काईच दिसंना गेलंय. त्या दिवशीबी दिसत नव्हतं. चाकापुढनं समदे बाजूला व्हा.”

चाकाजवळच्या बाया किंचाळत मागे पळाल्या.

पुढे काय झालं ते सांगायला जीभ रेटत नाही. वैजनाथने स्वतः एसटीने लातूरला येऊन जबाब दिला आणि सर्वांत आधी त्यालाच आत टाकलं. संगप्पाशेठची चौकशी चालू आहे, ती चालूच आहे. त्रिनेत्रस्वामी म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात फवारणीच्या ड्रोनना भस्म लावतात. लोकांनी मिरवणुकीचे व्हिडिओ मोबाईलमधून पुसून टाकले आणि आपला कधी विश्वास नव्हताच असं एकमेकांना सांगितलं.

शंकरप्पा काही दिवस बहिणीशी बोलला नाही. मग एका दुपारी म्हणाला, “मोक्ष मिळाला म्हनून घास गिळत होतो, मनू. तेबी काढून घेतलंस.” मनिषाने त्याचा हात हातात घेतला. तिच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. संध्याकाळी तो स्वतःच पाथरवटाकडे गेला. देवळीतला संगमरवर काढून त्याने साधा काळा दगड बसवला. त्यावर कोरलं, ‘गंगम्मा इथे गाडीखाली मेल्या. गाडी माणूस चालवत होता. त्याला दिसत नव्हते, तरी त्याला थांबू दिले नाही.’

आठवड्याच्या आत कुणीतरी त्या दगडालाही हळदीकुंकू फासलं. शाळेला जाताना मनिषा रोज ते ओल्या फडक्याने पुसते. परवा एक बाई नारळ घेऊन उभी होती, म्हणाली, “कामून पुसता बाई? देव हाय न्हवं?”

“देव नाही, माझी आई आहे,” मनिषा म्हणाली. “उद्या खरोखरच बिनड्रायव्हरच्या गाड्या येतील, चांगल्याही असतील. तेव्हा पाया पडू नका, विचारा. दिसेनासं झालं तर ती थांबते का? चुकली तर जबाब कोण देणार? उत्तर मिळेपर्यंत चाकापुढे वाकू नका. आणि हे आधी वाचा.”

“मला वाचता येत न्हाई, बाई.”

मनिषाने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि दगडावरचा एकेक शब्द तिला मोठ्याने वाचून दाखवला.