इस्त्रीची वेळ

"आई, घरात विजेवरची मशिनं कुठली कुठली ते नीट आठवून सांगा," फ्रिजसमोर उकिडवा बसलेला सोलरवाला गुडसन पुन्हा म्हणाला.

"सांगितलं की! फ्रिज, चार दिवे, रेडिओ आणि मोबाइल. आता काय चुलीलाही वायर जोडलीय म्हणू?" वहिनी फणकारली.

फ्रिज आजही पहाटेच बंद पडला होता. गुडसनने सोलर बसवल्यापासून रोज हेच चाललं होतं. फ्रिजच्या दारात माझ्या भावाचं महिन्याभराचं इन्सुलिन असायचं. वहिनीने त्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवल्या होत्या, आणि दर थोड्या वेळाने ती जाऊन हात लावून बघत होती. भाऊ, म्हणजे एवारिस्टो, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला होता. ऐकत सगळं होता, फक्त तसं दाखवत नव्हता.

कब्वे स्टेशनचा सिग्नल त्याने आयुष्यभर सांभाळला. निवृत्त झाला तरी सकाळी आंघोळ करून पांढरा शर्ट घालतो आणि व्हरांड्यात बसून गाडीची शिट्टी ऐकतो. शिट्टी वाजली की "आज उशीर" एवढंच म्हणतो. आमच्याकडे वीज येते तीही तिच्या मर्जीने, बहुधा अपरात्री. मुलीने, म्वापेने, लुसाकाहून बजावलं होतं, "सोलर लावून बघा. औषध गार राहत नसेल तर बाबा माझ्याकडे येतील." तिची खोली इस्पितळाच्या आवारात आहे, तिथली वीज जात नाही. शनिवारी ती गाडी घेऊन येणार होती. चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत भाऊ काय करणार? तिथे ना शिट्टी, ना चर्चमधले सोबती. तिथे तो सहा महिनेही काढणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. वहिनीलाही दिसत असणार, पण ती बोलत नव्हती.

गुडसनने बॅटरी तपासली. ती धडधाकट होती. छपरावर चढून त्याने पॅनेलही पाहिली. "रात्री तुमचं घर जेवढं खातं त्याच्या हिशेबानेच बॅटरी दिलीय, आई. तिने एवढं उचलायलाच हवं," असं म्हणत तो काळे झालेले हात घेऊन उभा राहिला. वहिनीने हात पुसायला जुनं फडकं पुढे केलं.

हात पुसता पुसता तो थबकला. फडक्याला घडी होती, चांगली धारदार.

"या फडक्याला इस्त्री केलीय?"

"मग? दोरीवर वाळत होतं ना ते!"

गुडसन मटकन खाली बसला आणि हसायलाच लागला. "आई, घरात इस्त्री आहे हे तुम्ही बोलला नाहीत."

"तू विचारलंस का? तू म्हणालास, मशिनं कुठली कुठली. इस्त्री काय मशीन आहे? उद्या पळ्या मोजशील!"

"चूक माझीच. माझी बायको माझ्या मोज्यांनासुद्धा इस्त्री करते. आणि मीच विचारायला विसरलो!"

पावसाळ्यात दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर पुत्सी माशी अंडी घालते. गरम इस्त्री फिरली नाही तर अळी माणसाच्या कातडीत शिरते आणि फोड येतो. त्यामुळे आमच्याकडे चड्डीपासून पायपुसण्यापर्यंत सगळ्याला इस्त्री होते, आणि ती केली हे कुणी सांगत बसत नाही. पूर्वी वीज येईल तेव्हा उठून वहिनी इस्त्री करायची. सोलर आल्यावर तिला आनंद झाला. आता रोज संध्याकाळी मक्याचा न्शिमा जेवून झाला की ती निवांत इस्त्रीला उभी राहायची. पहाटेपर्यंत फ्रिजला पुरायची ती वीज इस्त्री अर्ध्या तासात फस्त करत होती.

"मग इस्त्री बंद करा," मी म्हणाले.

वहिनी माझ्यावर उसळली. "तुला फोड आला तर दाबून अळी काढशील, झालं! यांना साखर आहे. यांच्या पायाला फोड आला तर तो भरायचा नाही. पाय कापायला लागला तर तू देणार आहेस का तुझा?"

म्हणजे औषधही त्याच्यासाठी आणि इस्त्रीही त्याच्यासाठीच, आणि दोन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेली.

गुडसन विचार करत म्हणाला, "एक तोड आहे. ऊन चांगलं चढलं की इस्त्री करायची, तेवढा वेळ फ्रिज बंद. मग सगळा भार पॅनेलच उचलतील, बॅटरीला धक्का नाही. फक्त दुपारचे ढग यायच्या आत उरकायचं."

"तेव्हा आम्ही दोघी बाजारात असतो," वहिनी म्हणाली. ती सुकी मासळी विकते, मी शेजारीच टोमॅटो. त्यावरच घर चालतं.

"घरी एक माणूस असतं की," माझ्या तोंडून निघून गेलं.

"गप गं! नणंद आहेस की वैरीण? हे उभे राहून माझा कमरेला गुंडाळायचा चितेंगे इस्त्री करणार? गल्ली हसेल!"

व्हरांड्यातली खुर्ची करकरली. भाऊ दारात येऊन उभा राहिला. वहिनीकडे न बघता त्याने गुडसनला विचारलं, "ढग किती वाजता येतात रे?"

दुसऱ्या दिवशी बाजारात माझं चित्त लागेना. वहिनीला टोमॅटो बघायला सांगून मी मधेच घरी आले. भाऊ व्हरांड्यातच टेबल मांडून उभा होता, सगळ्या गल्लीसमोर, आणि वहिनीचा चितेंगे कडेपासून कडेपर्यंत दाबत होता. समोरचा चांडा ओरडला, "काय सिग्नलवाले, म्वापेच्या आईने नोकरीला ठेवलं का?"

"ठेवलं. वेळेवर येणारं माणूस हवं होतं म्हणे," भाऊ म्हणाला. मग मला बघून, "उभी काय राहिलीस? कोपऱ्याला ही चुणी राहतेय, ती कशी काढतात ते सांग."

पुढच्या पहाटे फ्रिज घुरघुरत होता. वहिनीने दार उघडलं, बाटली गालाला लावली आणि तशीच रडत बसली. मीही रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

शनिवारी म्वापे आली. आधी फ्रिजकडे गेली. एकेक बाटली हातात घेऊन बघितली, रात्रभर फ्रिज चालतो का विचारलं, बापाचे पाय तपासले. मग जेवून, वाळकी मासळी बांधून घेऊन एकटीच परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, इस्त्री माझ्या नवऱ्याला शिकवायला या एकदा." भाऊ खळखळून हसला.

गाडी वळणाआड गेली तशी वहिनी आत गेली आणि खाटेखालून एक बॅग ओढत बाहेर घेऊन आली. आम्हाला कुणाला न कळू देता तिने भावाचे सगळे शर्ट, बनियन, चर्चचा कोट लुसाकाला न्यायला त्यात भरून ठेवला होता.

"चुरगळले असतील," ती खाली बघत म्हणाली. "परत इस्त्री लागेल."

भावाने बॅगेतला वरचा शर्ट काढून झटकला. मग त्याने वर आभाळाकडे पाहिलं.

"उद्या करतो," तो म्हणाला. "आता ढग आलेत."