पऱ्हाटीच्या कोळशानं काय खाल्लं?

मेहरुन्निसा बाजीचा कोळसा त्या सकाळी काहीच खायला तयार नव्हता.

कोळसा पऱ्हाटीचा. वैजापूरकडं कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, जाळून टाकतात. बाजी, म्हणजे आम्हा पीएचडीवाल्यांची थोरली ताई, ती आणून आमच्या प्रयोगशाळेतल्या बिनहवेच्या भट्टीत भाजते, मग कोळशाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, कोट्यवधी. पाण्यातून अल्कोहोल वेगळं करायचं तर एरवी मिश्रण तासन्‌तास उकळावं लागतं. बाजीचं म्हणणं, अल्कोहोल ही भोकंच उचलणार असतील तर पाण्याला कशाला तापवायचं? मला पटलं. मलाही कुणी उगाच तापवलेलं आवडत नाही.

पण कोळशावर अल्कोहोलची वाफ सोडली तरी तराजूवरचा आकडा हलेना.

"संपलं," आमचे गाईड बद्रीनाथ सर म्हणाले. "उद्यापासून नारळाची करवंटी घ्या. सगळं जग घेतं."

म्हणजे बाजीची पऱ्हाटीवरची सगळी वर्षं केरात.

"सर, आजचा दिवस द्या." तिनं ट्रेमधला उरलेला कोळसा तोलला. "भट्टीतून काढला त्यापेक्षा जड झालाय. क्या खाया रे तू?"

हे तिनं कोळशालाच विचारलं होतं. मी उत्तरासाठी थोडा थांबलो.

उत्तर शिपाई कडूबानं दिलं. "तुम्ही गावाला गेल्ता, तवा ट्रे जेवनाच्या डब्यांच्या कपाटात व्हता. कपाट वास मारतंय म्हनून सरांनीच ठिवाया सांगितला."

सर खाकरले.

"भोकं आधीच भरलीत," बाजी म्हणाली. "तापवला की ओकेल."

कोळसा नायट्रोजनच्या झोतात ठेवून ती हळूहळू उष्णता वाढवत गेली. नळीच्या दुसऱ्या टोकाला आमची नाकं. आधी लिंबू आलं.

"माझं लोणचं," मी आदरानं म्हणालो.

मग कांदा. "आमचा झुणका!" कडूबा म्हणाला.

बाजी करवंटीची भीती विसरली होती. "सगळं एकदम का नाही येत? रांगेत का येतंय?"

खूप वेळ काहीच आलं नाही. मग लवंग आली, मागोमाग मटणाचा मसाला.

नान-कलिया, मटणाचं झणझणीत कालवण. सगळ्यांनी बाजीकडं पाहिलं.

"मैं तो दाल लाती हूं," बाजी म्हणाली.

सरांच्या डब्यात दुधी असतो, हे सगळ्या विभागाला माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, सरांच्या मिसेस करून देतात. आम्ही तिघांनी सरांकडं पाहिलं. सरांनी सिलिंडरकडं पाहिलं.

"कडूबा, नळी खिडकीबाहेर काढ."

"काढतो सर. पन लई भारी वास हाय."

वजन मूळच्या आकड्यावर आल्यावर बाजीनं कोळसा थंड केला आणि पुन्हा अल्कोहोलची वाफ सोडली. आकडा चढला. चढतच राहिला. सर वाकून बघत बसले.

"पऱ्हाटीच ठेवा," शेवटी ते म्हणाले. "पण मधला प्रकार प्रबंधात नको."

"घ्यावाच लागेल सर. अल्कोहोलपेक्षा कालवणं जास्त साफ वेगळी झालीत." बाजी जरा घुटमळली. "फक्त, उद्या पुन्हा कलियाच आणाल? एकदा करून सिद्ध होत नाही."