दोन पौंड जास्त

मित्रांनो, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात भिवा कोळ्याच्या घरी कधी आलात, तर समोरच्या भिंतीवर सुकलेल्या हारासकट खिळ्याला टांगलेली एक जुनी रॅकेट दिसेल. ती मी. माझ्या रंगाचे टवके उडाले आहेत, मुठीवरची पट्टी काळी पडली आहे. तरी येणारे-जाणारे माझ्याबरोबर हौसेने फोटो काढतात, कारण भिवाच्या मुलीने, प्राप्तीने, मला हातात धरून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. फोटोत मी छान दिसते. मला बोलता येत असतं, तर मात्र कुणी मला असं मिरवलं नसतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्ही सगळ्या सारख्याच, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीच्या टेनिस कोर्टावर. भिवा तिथे कसा पोचला, ही एक गंमतच आहे. खाडीत मासळी राहिली नव्हती आणि त्याची होडी काठावर पडून होती. एकदा कोर्टाचं जाळं फाटलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, कोळ्यालाच बोलवा. भिवाने ते असं विणून दिलं की फाटलं होतं कुठे, ते शोधून सापडेना. मग सोसायटीने त्याला कोर्टाच्या देखरेखीला ठेवूनच घेतलं. त्याची आठ वर्षांची प्राप्ती मागच्या भिंतीवर चेंडू बडवत असायची. तिथे टेनिस शिकवणाऱ्या सलिल सरांनी तिला पाहिलं आणि शिकवायला घेतलं. ती पंधरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांनीच मला तिच्या हाती दिलं.

रॅकेटमध्ये तारा ओवून ताणायच्या कामाला गटिंग म्हणतात. ताण पौंडात मोजतात. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात जाऊन भिवा हे काम शिकला आणि तिथलंच एक जुनं मशीन घरी घेऊन आला. इतके कसबी हात मी दुसरे पाहिले नाहीत. गाठ मारली की जाळ्याची बघावी तशी दाताने दाबून बघायचा. पण त्याला एक खोड होती. सरांनी बावन्न पौंड सांगितले की हा चोपन्नवर न्यायचा.

"बाबा, सरांनी बावन्न सांगितलेत," प्राप्ती म्हणायची.

"जालं ढिलं र्‍हायलं त मावरं पलून जातं, बाय. मना नको शिकवू," असं म्हणून तो मशीनचं ताण वाढवायचं चाक आणखी थोडं फिरवायचा.

आता मासळीचं मला ठाऊक नाही, पण टेनिसचा चेंडू काही पकडायचा नसतो, मित्रांनो. तारा जितक्या घट्ट, तितका चेंडूचा दणका हाताला जास्त बसतो. तो दणका माझ्यातूनच तिच्या मनगटात जायचा. पोचवणारी मी, आणि थांबवणं मात्र माझ्या हाती नाही. या नशिबाचा मला फार राग यायचा.

सतराव्या वर्षी ती राज्य विजेती झाली. कोळीवाड्यात बॅन्जो पार्टी लागली, भिवाला शाल मिळाली. लोकांना तिचे कप दिसले. नारळी पौर्णिमेला सगळा वाडा नटूनथटून खाडीवर जायचा आणि ही एकटी कोर्टावर सर्व्हिस घोटत असायची, ते कुणाला दिसलं नाही. चुलतबहिणीच्या हळदीला ती नाचायला उठली, तर पाय मुरगळेल म्हणून भिवानेच तिला दंडाला धरून खाली बसवलं. मैत्रीण म्हणावी तर तिला मीच होते, आणि मी ही अशी मुकी.

त्याच वर्षी तिचं मनगट दुखायला लागलं. भिवाने कोमट पाण्यात खडेमीठ टाकून तिचा हात बुडवून ठेवला.

"जालं वढून माझा पन हात सुजाचा. तसाच वढत र्‍हायलो, आपोआप गेला. तुझा बी जाईल," तो म्हणाला.

त्याने हे अगदी मायेने सांगितलं, म्हणून तर तिला काही बोलता आलं नाही. एकदा सलिल सरांनी मला परस्पर दुकानात देऊन पन्नासवर तारा लावून आणल्या. त्या आठवड्यात तिची बोटं सैल झाली, दुखणं उतरलं. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. पण भिवाला ते कळलं. तो रागावला नाही. समोरचं ताट सरकवून उठला आणि म्हणाला, "माझे गाठीन काय खोट निंगाली?" दुसऱ्या दिवशी प्राप्तीने त्या तारा स्वतःच कापल्या आणि मला नेऊन बापासमोर ठेवलं. त्यानंतर तिने ताणाचा विषयच काढला नाही. दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणायची.

राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या सेटला तिची पकड सुटायला लागली. समोर बसलेला भिवा टाळ्या वाजवत होता. मी जीव तोडून ओरडले असते, पण मला कुठला आवाज? ती जिंकली. कप तिने डाव्या हाताने घेतला आणि फोटोवाल्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मनगटातलं हाड दणके खाऊन केव्हाच चिरलं होतं, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. मी पिशवीत तिच्या पायाशीच होते. ऑपरेशन झालं. हात लिहिण्या-जेवण्यापुरता बरा झाला, खेळण्यापुरता नाही. भिवाने कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाथरूममध्ये घसरलेले, बाबा. तेव्हाच लागलं असेल." त्याने आठ दिवसांत बाथरूमची गुळगुळीत फरशी काढून खडबडीत बसवून घेतली.

मग माझी रवानगी या खिळ्यावर झाली. प्राप्ती आता कोर्टावर लहान मुलांना शिकवते. भिवा त्यांच्या रॅकेटी घरी आणून तारा लावतो, आणि मी वरून बघत राहते. परवा दुपारी मशीनवर कल्पिताची रॅकेट होती. कल्पिता दहा वर्षांची आहे, प्राप्तीकडेच शिकते.

"बाबा, तिची चव्वेचाळीसवर ठेवा," प्राप्ती म्हणाली.

"दोन जास्तच बरे. तुझी कधी ढिली ठेवली का? म्हनून त चॅम्पियन जालीस," भिवा हसून म्हणाला आणि त्याने चाकाला हात घातला.

प्राप्ती पुढे आली. तिने ते चाक उजव्या हाताने मागे फिरवायला घेतलं. तिला ते फिरवता येईना. भिवा तिच्या हाताकडे बघत राहिला.

"मी बाथरूममध्ये पडले नव्हते, बाबा," ती म्हणाली.

भिवाने चाकावरचा हात काढून घेतला. मग खाली मान घालून त्याने विचारलं, "किती म्हनालीस?"

"चव्वेचाळीस."

त्याने चाक मागे फिरवलं.

मित्रांनो, कल्पिताचा हात वाचेल. प्राप्तीचा मात्र आता कुणालाच परत आणता येणार नाही. म्हणून सांगते, दुखलं तर त्याच दिवशी सांगा, ऐकणारा कितीही लाडका असला तरी. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.