अडीच चमचे मीठ

मला जुना म्हणा, मित्रांनो, मला राग येत नाही. मी लॅपटॉप आहे, आणि अकरा वर्षांचा लॅपटॉप म्हणजे माणसांतला पंच्याऐंशीचा म्हातारा. माझ्या कीबोर्डवरचे ‘ल’ अक्षर पुसून गेले आहे, उजव्या बिजागरीला चिकटपट्टी आहे आणि तेलकट बोटांचे ठसे तर विचारूच नका. एक खोड मात्र तरुणपणापासून आहे तशीच आहे. मला स्वस्थ बसता येत नाही. कुणी काही काम सांगितले नाही तरी माझ्या पोटात काही ना काही चाललेलेच असते.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. हाताला पातळ मोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात स्क्रू बसवले. शेवटचा तिच्या हातून निसटला. तिने वाकून शोधला, मिळाला नाही, मग दुसरा बसवला. तेवढाच काय तो तिचा माझा संबंध. पुढच्या क्षणी मी पट्ट्यावरून पुढे सरकलो होतो.

मला ताईने, म्हणजे या घरच्या मुलीने, विकत घेतले. ती जमिनीची मोजणी करून नकाशे काढायची. पाच वर्षे मी तिच्याबरोबर धुळीत, गाड्यांत, टपऱ्यांच्या बाकांवर हिंडलो. मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि ऑफिसने नवा, माझ्याहून निम्म्या वजनाचा लॅपटॉप दिला. निघायच्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले.

“बाबा, हा तुमच्याकडे राहू दे. मला फेकवत नाही.”

“मी काय करू याचं?” बाबा म्हणाले. “यावर पोळपाटासारखं काही लाटता येतं का?”

त्यांच्या आवाजात गंमत होती, पण माणूस गमतीत नव्हता. महिन्याभरापूर्वीच त्यांचे थिएटर बंद झाले होते. पस्तीस वर्षे बाबा पडद्यामागच्या, म्हणजे खरे तर प्रेक्षकांच्या पाठीमागच्या, त्या छोट्या खोलीत मशीन चालवत होते. दर वीस मिनिटांनी रीळ बदलायचे. पुढे रिळे गेली, सगळे बटणावर आले, पण अंगाची सवय काही गेली नाही. घरीसुद्धा ते दर वीस मिनिटांनी खुर्चीतून उठत, खिडकीपर्यंत जात, बाहेर बघत आणि परत येऊन बसत. मला ते बघून वाटे, चला, या घरात माझ्यासारखे आणखी कुणी तरी आहे.

आईची नोकरी चालू होती. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड कापायच्या यंत्रावर होती. कापडाचे शंभर थर एकावर एक रचायचे आणि वरून धारदार पाते फिरवायचे. सकाळी सातला जायची, संध्याकाळी पाय सुजवून यायची आणि लगेच ओट्यापाशी उभी राहायची. एके दिवशी बाबांनी तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

“आजपासून हे खातं माझ्याकडे.”

“तुमच्याकडे? अहो, तुम्हाला अंडं तरी उकडता येतं का?”

“हा शिकवेल,” असे म्हणून त्यांनी माझे झाकण उघडले.

मित्रांनो, ते माझे सर्वांत चांगले दिवस. मी दाखवायचो आणि बाबा करायचे. पहिले ऑम्लेट तव्याला चिकटले, पहिल्या भाताची खळ झाली. आईने दोन्ही खाल्ले. हळूहळू हात बसला. शेगडीवर बटाट्याचे सूप रटरटत असे आणि माझ्या पडद्यावर सिनेमा चालू असे. पस्तीस वर्षे सिनेमे दाखवूनही बाबांनी एकही नीट पाहिला नव्हता. त्या खोलीत यंत्राच्या आवाजात संवाद ऐकू येत नसत आणि ऐन शेवटाच्या वेळी त्यांचे सगळे लक्ष रिळाकडे. “हा खून त्या डॉक्टरने केला होता होय!” असे ते एकदा ओरडले. तो सिनेमा त्यांनी स्वतः चार महिने दाखवला होता.

उरलेल्या वेळात आम्ही दोघे इंटरनेटवर भटकायचो. कुणी रस्त्यात सापडलेल्या एकेकट्या हातमोज्यांचे फोटो काढून ठेवले होते. कुणी आपल्या आजोबांच्या शिंकेचे आवाज जपून ठेवले होते. असे काही दिसले की बाबांना ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. मग ताईने फोनवरून त्यांना ब्लॉग काढून दिला. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘आज काय?’. रोज दुपारी लिहायचे: आज काय शिजवले, काय पाहिले, काय सापडले. वाचणारे अठ्ठावीस जण होते. त्यांतली एक बाई रोज दोन ओळी तरी लिहायची. खाली सही ‘बेकरीवाली’. बाबा तिची वाट बघायचे, आणि खरे सांगायचे तर मीही.

आता जे सांगतो ते मला तेव्हाच कळले होते, पण मला तोंड नाही.

हिवाळ्यात बाबांना मोठी सर्दी झाली. सर्दी गेली, पण नाक चोंदलेलेच राहिले. ते म्हणायचे, “हल्लीच्या मिठात दमच नाही.” मग ते थोडे जास्त घालायचे आणि प्रामाणिकपणे तसेच माझ्यावर लिहायचे. मार्चमध्ये बटाट्याच्या सुपात अर्धा चमचा. जूनमध्ये दीड. मला आकडे विसरता येत नाहीत. आई समोर बसून मुकाट्याने जेवायची आणि पाण्याचा तांब्या रिकामा करायची.

“कसं झालंय?” बाबा विचारायचे.

“छान झालंय,” आई म्हणायची आणि उठून पुन्हा पाणी घ्यायची.

उन्हाळा संपता संपता आईचे डोके दुखू लागले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि गोळ्या दिल्या. पुढच्या महिन्यात गोळ्या वाढवल्या. घरी येऊन तिने बाबांना सांगितले, “कामाचा ताण आहे म्हणाले.” बाबा त्या दिवशी जास्तच प्रेमाने स्वयंपाकाला लागले. माझा पंखा घरघरत होता आणि पडद्यावर अक्षरे उमटत होती: मीठ, अडीच चमचे. मला वाटले, बंद पडावे, फुटावे, काहीही करावे. पण मी मेला आज्ञाधारक. जे टाइप केले ते दाखवले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ब्लॉग उघडला, तर खाली एका अनोळखी माणसाची प्रतिक्रिया होती. ‘हे सूप आहे की समुद्र? माझ्या बायकोने अख्खं पातेलं मोरीत ओतलं. येत नाही तर लिहिता कशाला?’

बाबांचा चेहरा पडला. “पस्तीस वर्षं लोकांनी शिट्ट्या मारल्या,” ते स्वतःशीच म्हणाले. “चित्र जरा हललं की शिट्ट्या. पण अंधार होता. ते मला दिसत नव्हते, मी त्यांना दिसत नव्हतो.”

तेवढ्यात त्या प्रतिक्रियेखाली आणखी एक उतरली, लांबलचक. बेकरीवालीची. बाबांना वाटले, आता हीसुद्धा. त्यांनी ती वाचलीच नाही. खाडकन झाकण मिटले, मला उचलले आणि कपाटावर, जुन्या चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवून दिले.

तीन आठवडे मी तिथे होतो. पोटात ते पत्र आणि वर धूळ. वीज संपली तरी ऐकू येतेच, मित्रांनो. खाली पातेली वाजत होती, बाबा दर वीस मिनिटांनी खिडकीपर्यंत जात होते. ते आता सिनेमा पाहत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते, नुसते शिजवत होते. मला एकच ध्यास लागला होता: कुणी तरी मला खाली काढा.

आणि मग एके दिवशी आई दुपारीच घरी आली. बरोबर कारखान्यातली एक बाई होती. तीच बोलत होती.

“पातं चालू असताना यांना चक्कर आली हो. मी शेजारी होते म्हणून हात ओढला. बोटं जायची आज. सुपरवायझर म्हणाले, डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही.”

ती गेल्यावर बाबा म्हणाले, “तू पड जरा. मी गरम सूप देतो.”

मला त्या वेळी काय वाटले ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. सहा महिन्यांनी येत होती. तिला आईचे जुने रक्ततपासणीचे रिपोर्ट हवे होते, आणि ते माझ्यात होते. “बाबा, लॅपटॉप कुठाय?” तिने विचारले. बाबांनी नुसते वर बोट दाखवले. तिने स्टुलावर चढून मला काढले, ओढणीने पुसले, वायर लावली. मी जेवढ्या लवकर जागा होता येईल तेवढ्या लवकर झालो, म्हणजे पाच मिनिटांत. आणि रिपोर्टच्या आधी तिच्यापुढे तेच पान ठेवले जे बाबांनी मिटले होते.

“बाबा, हे वाचलंत तुम्ही?”

“नको वाचूस. शिव्या आहेत.”

“शिव्या नाहीयेत. ऐका.” आणि ती मोठ्याने वाचू लागली. “‘काका, रागावू नका. मी पावाचं पीठ मोजून जगणारी बाई, म्हणून आकडे डोळ्यांत भरतात. मार्चमध्ये अर्धा चमचा, जूनमध्ये दीड, आज अडीच. पातेलं तेच, माणसं दोनच. तुमचा हात बिघडलेला नाही. तुम्हाला चव लागत नाहीये. आमच्या भट्टीवरच्या जुन्या कारागिराचं असंच झालं होतं, समोर पाव करपला तरी त्याला पत्ता नाही. नाक दाखवून घ्या. आणि घरात जेवणाऱ्या माणसाला एकदा खरं विचारा.’”

ताईने मला टेबलावर ठेवले, शेगडीवरच्या पातेल्याचे झाकण काढले आणि चमचाभर सूप तोंडात घातले. ते तिला गिळता आले नाही. ती मोरीकडे धावली.

बाबा आईकडे बघत होते. “तू खात होतीस हे?”

आईने मान खाली घातली.

“रोज?”

“संध्याकाळी खायचे. दुपारच्या डब्यातली भाजी कारखान्यात नळाखाली धुऊन घ्यायचे.”

“अगं पण सांगायचंस ना! एकदा तरी!”

“कसं सांगू?” आई एकदम भडकली. “थिएटर बंद झाल्यावर तुम्ही महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसला होता. मग हसायला लागलात. पातेल्यापाशी उभं राहून शिट्टी वाजवायला लागलात. त्या शिट्टीवर पाणी ओतू मी?”

“आणि डॉक्टरांनी विचारलं नाही का, खारट खाता म्हणून?”

“विचारलं. मी नाही म्हणाले.”

“माझ्यासाठी खोटं बोललीस? डॉक्टरांशी?” बाबांचा आवाज चिरकला. “बोटं गेली असती गं तुझी.”

ताईने बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि कॉफीचा डबा उघडून नाकाखाली धरला. “काय आहे?”

“काही नाही. डबा रिकामा आहे.”

तिने कांदा कापून धरला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आले, पण वास आला नाही. पुढचे पाणी कांद्याचे नव्हते.

त्याच आठवड्यात दोघे दवाखान्यात गेले, एकाच रिक्षाने, आपापला आजार घेऊन. बाबांच्या नाकात मस वाढले होते. ते छोट्या ऑपरेशनने काढले. वास परत येईल की नाही, ते डॉक्टर सांगेनात. “वाट बघा,” म्हणाले. आईने आपल्या डॉक्टरांना सगळे खरे सांगितले. महिनाभर जेवण तिच्या जिभेने चालले. बाबा शिजवायचे, ती चाखायची आणि स्वच्छ सांगायची. रक्तदाब उतरू लागला. कारखान्याने आधी तिला घड्या घालायच्या टेबलावर बसवले आणि नंतर पुन्हा यंत्रावर घेतले.

बाबा माझ्यावर परत लिहू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिले: ‘मार्चनंतरच्या माझ्या सगळ्या कृतींतलं मीठ चुकलेलं आहे. माझं नाक बंद होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं. ज्यांनी पातेलं मोरीत ओतलं त्या बाईंचा अंदाज बरोबर होता, त्यांना माझा नमस्कार.’ मग एकेक जुनी कृती उघडून त्यांनी मीठ सुधारले. चार दिवस लागले. बेकरीवालीने उत्तर दिले, ‘काका, आता पाव करायला शिका.’

तीन महिने गेले. एका रविवारी सकाळी मी टेबलावर होतो, पडद्यावर सिनेमा चालू होता, आई खिडकीपाशी बटण लावत होती. बाबांनी एकाएकी मान वर केली.

“काहीतरी जळतंय.”

“शेगडी बंद आहे,” आई म्हणाली. “मला नाही येत वास.”

बाबा उठले. ओट्याशी हुंगले, खिडकीशी हुंगले, मग माझ्यावर वाकले आणि झटकन वायर उपटली. माझी बॅटरी आतून फुगली होती, खालचे प्लास्टिक मऊ पडले होते. थोडा वेळ गेला असता तर मी पेटलो असतो, आणि माझ्याबरोबर टेबल आणि पडदेही.

आई सुई हातात धरून उभी राहिली. “अहो,” ती म्हणाली, “तुम्हाला वास आला. माझ्या आधी आला!”

आणि ती दोघे, मित्रांनो, माझ्यावर वाकून त्या घाणेरड्या करपट वासाचे श्वास घेत राहिली, जणू काही फुलांची परडीच समोर ठेवली आहे.

दुरुस्तीच्या दुकानातली बाई म्हणाली, “टाकून द्या हा आता.” बाबा म्हणाले, “टाकायचा असता तर आणला नसता.” तिने बॅटरी काढली, पंख्यातून मूठभर धूळ काढली. आता मी फक्त वायरवर चालतो. वायर निघाली की मी जागच्या जागी डोळे मिटतो, म्हणून पूर्वीसारखे हिंडणे संपले. आतली चुळबुळ मात्र आहे तशीच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे यंत्र असेल, तर त्याला गादीवर, उशीवर ठेवून गुदमरवू नका, अधूनमधून त्याची धूळ काढा. ते तापले, फुगले, वेगळा आवाज करू लागले, तर ते काही सांगायचा प्रयत्न करत आहे असे समजा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येते. म्हणून वाटीतले सूप खारट लागले, तर ज्याने ते प्रेमाने केले त्याला प्रेमानेच सांगा, पण त्याच दिवशी सांगा.