सव्वा महिन्यात बोबडे बोल

ऋतुजाला दोन वर्षं झाली तरी ती अजून 'आई' म्हणत नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी कान तपासायला बीडला न्यायला सांगितलं. मंगळवारी जायचं ठरलं होतं. सोमवारी सासूबाई नेकनूरच्या बाजारातून आल्या आणि पिशवीतून लेकरांना बोलतं करणाऱ्या भुकटीचा निळा डबा काढला.

डबा मी ओळखला. त्यावरची ओळ माझीच होती.

मानसशास्त्रात बी.ए. झालेली मी, भारतशेठच्या कंपनीसाठी घरी बसून जाहिराती लिहायचे. कॉलेजात गरजांचा पिरॅमिड शिकले होते: पोट भरलं की माणसाला सुरक्षितता हवी, मग आपल्या माणसांत जागा. शेठचं शास्त्र आखूड. "ताई, आधी आईला घाबरवा. मग डबा दाखवा." काळजीखोर स्वभावाची बाई सगळ्यांत आधी खरेदी करते, म्हणून मी स्वतःलाच समोर ठेवून लिहिलं, 'शेजारचं बाळ बोलतंय. तुमचं?' मुदतही हवी होती. बाळंतपणाचा सव्वा महिना इथल्या प्रत्येकीनं पाळलेला, त्यावर कुणी शंका घेत नाही. म्हणून लिहिलं, 'सव्वा महिन्यात बोबडे बोल.' तेव्हा ऋतुजा माझ्या मांडीवर होती, दहा महिन्यांची.

"आत्या, उद्या बीडला जायचंय ना?"

"कावून? सव्वा महिना तर थांब. पोरीच्या कानाला मशिनी लावून गावभर बोभाटा करतीस व्हय? पुढं कोण करून घेईन तिला?"

आपल्या माणसांत जागा. बरोबर तीच पायरी.

"ते खोटंय, आत्या. मीच लिहिलंय ते."

त्या हसल्या. "तू? मग तर लई चांगलं. शिकलेली हायस. लेकराच्या बाबतीत खोटं कशाला लिवशील?"

त्यांनी दूध कोमट करून दोन चमचे भुकटी घातली.

तेवढ्यात त्याच डब्याच्या जाहिरातीची भोंग्याची जीप गल्लीत शिरली आणि नेमकी आमच्या दारात थांबली. 'शेजारचं बाळ बोलतंय. तुमचं?' दाराचा पत्रा थरथरला, कुत्री भुंकायला लागली, शेजारची शेळी दावं ओढून उभी राहिली. ऋतुजा दाराकडं पाठ करून वाटीत खडे टाकत होती. एक खडा. अजून एक. मान वळली नाही.

मी हे कुकरच्या शिट्टीला, पडलेल्या ताटाला रोज पाहत होते. सासूबाईंनी आज पाहिलं. दूध ढवळणारा हात थांबला. जीप पुढं गेल्यावर त्या पोरीच्या मागं जाऊन बसल्या आणि कानापाशी टाळी वाजवली. मग आणखी एक, जोरात.

वाटीत खडा पडला.

"पहिली गाडी कितीला हाय?" त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं.

"सातला."

दुधावर साय धरली होती. भोंगा आता मागच्या गल्लीत वाजत होता. तिथं यास्मिन राहते. तिचा फैजानही अजून बोलत नाही.