यशोदाबाईच्या पायाची पट्टी

मित्रांनो, पारोळ्याच्या धान्य बाजारात तीन बांबू एकत्र बांधून त्यांना भलीमोठी चाळणी टांगलेली असते. अशाच एका चाळणीच्या बांबूंना जी मळकट, लोंबती चिंधी गुंडाळलेली दिसेल ना, ती मी. मी एक जुनी पायपट्टी आहे. बांबू बांधण्यासाठी माझा जन्म झाला नव्हता.

सत्याऐंशी साली मी धुळ्याला, देवपुरातल्या औषधांच्या दुकानात काचेच्या कपाटात राहत होते. रंग गव्हाळ, अंगात ताण असा की ओढून सोडलं की चटकन जागच्या जागी. खोटं कशाला बोलू, त्या ताणाचा मला भारी तोरा होता.

मला विकत घेतलं पुनाने, त्याच्या बायकोसाठी. यशोदाबाई दिवसभर उभी राहून बाजारात चाळणी हलवायची. उभं राहून राहून तिच्या डाव्या पोटरीवर निळ्या, वाकड्यातिकड्या शिरा फुगून आल्या होत्या. संध्याकाळी पाय जड व्हायचा. घोट्याजवळची कातडी काळी पडली होती आणि सारखी खाजायची. सासू भिकुबाईने बघताक्षणी निदान करून टाकलं होतं, "हाऊ नारूच शे. काडीवर गुंडाळीसन काढना पडी." गावातल्या बारवेच्या पाण्याने पूर्वी कित्येकांच्या पायांतून नारूचे जंत निघाले होते, त्यामुळे म्हातारीला हसायला माझं मन होत नाही. पुनाने काडी लावू दिली नाही, हेच नशीब.

"बाई, हा नारू नाही," देवपूरचे डॉक्टर म्हणाले. "शिरेच्या आत बारीक झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली परतू देत नाहीत. तुमच्या झडपा ढिल्या पडल्यात, म्हणून रक्त खाली साचतं. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच बोटांपासून वर ही पट्टी गुंडाळायची. झोपताना पायाखाली उंच काहीतरी घ्यायचं. कापूस घरात आला की ऑपरेशनला या. आणि मध्येच शीर फुटली तर घाबरायचं नाही. आडवं व्हायचं, पाय उंच ठेवायचा आणि जखम दाबून धरायची. रक्त थांबतं."

पुनाने मान डोलावली. यशोदाबाईने पदर सावरला. इतकं सोपं औषध ऐकून मला तर हसूच आलं होतं.

पहिला हिवाळा माझ्या आयुष्यातला एकमेव सुखाचा काळ. तेव्हा भिकुबाई लेकीकडे गेली होती. यशोदाबाई पडल्या पडल्या मला गुंडाळायची, रात्री कापसाच्या गाठोड्यावर पाय टाकून झोपायची. सूज उतरली, खाज गेली. शेजारच्या चाळणीवरची कुंदाबाई म्हणाली, "यशोदा, तुना पाय ते पार नवा व्हई गया वं!" त्या दिवशी मी किती फुगले असेन, विचारू नका.

मग भिकुबाई परत आली. सासू उठून बसलेली आणि सून अंथरुणात पाय वर करून पट्टी गुंडाळते आहे, असं त्या घरात कसं चालावं? "पाय वर करीसन पडनी शे! घरमा जेठ शे, काही लाज शे का नही?" जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ; त्याच्यादेखत सुनेने पदर घ्यायचा, आडवं व्हायचं नाही. यशोदाबाई उलटून बोलणारी नव्हती. ती आधी उठायची, झाडायची, पाणी भरायची आणि सूज चढल्यावर ओट्याच्या कोपऱ्यात बसून घाईघाईने मला बांधायची. तोवर माझा काय उपयोग? रात्रीचं गाठोडंही गेलं, कारण वडीलधाऱ्यांकडे पाय उंचावून झोपणं वाईट दिसतं. पुढे भिकुबाईने स्वच्छतेच्या हौसेने मला सोड्याच्या पाण्यात उकळलं आणि बोरीच्या कुंपणावर भर उन्हात वाळत टाकलं. माझा ताण तिथेच गेला. ऑपरेशन कापसावरून लग्नसराईवर आणि लग्नसराईवरून पुढच्या कापसावर ढकललं गेलं.

एके दुपारी चुलीपुढचं लाकूड ओढताना त्याचा कोपरा घोट्याला लागला. खरचटलं एवढंसं, पण शीर फुटली आणि रक्ताची धार उडाली. पुना घरातच होता. त्याला डॉक्टरांचे शब्द आठवले! त्याने बायकोला आडवं केलं, पाय गाठोड्यावर उंच ठेवला, मला घडी करून जखमेवर दाबलं. अंगात ताण नसला तरी दाबून धरण्यापुरती मी होते. आणि मित्रांनो, रक्त थांबलं. खरंच थांबलं होतं.

आरडाओरडा ऐकून थोरले दीर धनसिंग आबा धावत आत आले. भले माणूस. पण ते जेठ होते.

"आबा उनात," यशोदाबाई पुटपुटली. "मना पाय खाले करा."

पुनाचे हात थबकले. थोरल्या भावाला 'बाहेर थांबा' म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. मग तिनेच पाय खाली ओढला, उठून बसली आणि पदर कपाळाखाली घेतला. मी लगेच भिजले. आबांनी मान फिरवली आणि जीप आणायला पळाले. जीपमध्येही पुरुषांदेखत बाईमाणसाने आडवं कसं व्हायचं, म्हणून तिला बसवूनच नेलं, पाय खाली सोडून. मी तिच्या घोट्याला चिकटून होते. मला काहीच करता येत नव्हतं. धुळं येण्याआधीच तिची मान पुनाच्या खांद्यावर पडली.

दहाव्याला आबा ओट्यावर बसून रडले. "माले एक शबद सांगतात, ते मी आंगनमाच थांबतू."

कुणी सांगितलाच नाही तो शब्द. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

मला धुऊन बाजारात आणलं. आता त्या चाळणीवर यशोदाबाईची लेक मंदा उभी असते. परवा तिचं लुगडं वाऱ्याने जरा वर झालं, तेव्हा मी पाहिलं. तिच्या गुडघ्यामागून एक निळी, वाकडी रेघ खाली उतरली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दिवसभर उभं राहून राबत असेल, तर तिच्या पोटरीकडे एकदा बघा. तिला आडवं होऊ द्या, पाय उंच ठेवू द्या. तुम्ही वडीलधारे असाल, तर जरा वेळ दाराबाहेर थांबा. मी मंदाच्या पायापासून वीतभर अंतरावर आहे आणि बांबूला बांधलेली आहे.